कवडीची कुळकथा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, सभासदांसाठी झालेल्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सोसायटीतल्याच लोकांनी आपापल्या आवडीच्या विषयावर बोलावं अशी कल्पना निघाली, तेव्हा समितीला वाटलं असणार की बँकेतून निवृत्त झालेला माणूस, ठेवींवर बोलेल, नाहीतर नॉमिनेशनवर. मी विषय दिला 'कवडी'. सचिव म्हणाले, "काका, कवडीवर पाऊण तास?" म्हटलं, हो. उभी हयात रुपये मोजण्यात गेली, आता त्याची मूळ सुट्टी मोजू द्या.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. बी.एस्सी.ला माझा विषय प्राणिशास्त्र होता. पुढे बँकेची परीक्षा दिली, नोकरी लागली आणि प्राणिशास्त्र ट्रंकेत गेलं. निवृत्तीनंतर ते बाहेर काढलं. मी तज्ज्ञ नव्हे, वाचक आहे. पण अडतीस वर्षं सह्या ताडून पाहण्याचं काम केलं, आणि आजचा विषय तोच आहे. दोन वस्तू सारख्या दिसतात, पण एकच आहेत का? दोन वेगळ्या दिसतात, पण वेगळ्या आहेत का? हे ठरवायचं कसं आणि ठरवायचं कुणी?

आता हे ताट मुलांकडे देतो. यात चाळीस कवड्या आहेत. काही आमच्या आईच्या सारीपाटातल्या, काही पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या. मुलांनो, सारख्या सारख्या एकत्र करा. पाच मिनिटं घ्या. तोवर आम्ही मोठी माणसं बोलतो.

कवडी हा दगड नाही, बी नाही, की माशाचं हाडही नाही. ते समुद्री गोगलगाईचं कवच आहे. आपण जिला पैशाची कवडी म्हणतो ती गोगलगाय साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, दगडांच्या आणि मेलेल्या पोवळ्यांच्या खाली ती राहते आणि शेवाळ खाते. तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट हवाई बेटांपर्यंत तिचा वावर. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानात ती आहे. जिवंतपणी तिच्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकून टाकते. म्हणून तर कवडी इतकी गुळगुळीत आणि चकचकीत असते. दुकानदार पॉलिश करत नाही, ती स्वतःच करते.

हं, झालं? तीन राशी? छान. एक पिवळ्यांची, एक पांढऱ्यांची आणि एक पाठ कापलेल्यांची. बहुतेक मोठी माणसंही अशाच राशी करतील. आता गंमत सांगतो. या पिवळ्यांतल्या काही दुकानातच पिवळ्या रंगवलेल्या आहेत, लक्ष्मीपूजनाला पिवळी कवडी लागते म्हणून. आणि पाठ कापलेल्या आहेत त्या माळेत ओवायला कापलेल्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ तुम्ही पाहिली असेल. म्हणजे या तीन राशी माणसाने केलेल्या, समुद्राने नव्हे. समुद्राने राशी दोनच केल्यात. त्या बघू.

ही एक घ्या. बाह्याकृती वेडीवाकडी षट्कोनी, मागच्या टोकाजवळ गाठी, टेंगळं. रंग पिवळट. ही पैशाची कवडी. ही दुसरी घ्या. गुळगुळीत लंबगोल, पाठ करडी-पांढरी आणि पाठीवर नारिंगी रंगाचं कडं, जणू अंगठी घातली आहे. ही कड्याची कवडी. दोघी चुलत बहिणी म्हणा, पण जाती दोन. (शास्त्रातली जाती हं, गैरसमज नको.)

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, कडं दिसलं की दुसरी. तसं नाही. पैशाच्या कवडीवरही कधी कधी पुसट नारिंगी रेघ असते. कधी तिच्या गाठी जवळजवळ नसतात. पाठ कापली की कडं गेलंच. बँकेत सही ताडताना नुसता पहिल्या अक्षराचा वळसा पाहून चेक पास करत नाहीत. वळण, तिरकेपणा, दाब, रेघ कुठे उचलली, हे सगळं मिळून सही ठरते. कवडीचंही तसंच आहे.

आता नावाकडे येऊ. आपल्या सोसायटीत तीन कुलकर्णी आहेत. खालून "कुलकर्णी काका" अशी हाक मारली की तीन खिडक्या उघडतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राण्यांच्या नावांची उलट अडचण होती. नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णन, आणि प्रत्येक लेखकाचं वेगळं. स्वीडनच्या कार्ल लिनियसने ते आवरलं. १७५८ मध्ये त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. तिच्यात प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचं नाव मिळालं, आडनाव आणि नाव. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब जगभर या पुस्तकापासून धरतात. ती आमची ओपनिंग बॅलन्स.

त्या पुस्तकात आपल्या दोन्ही कवड्या आहेत. सायप्रिया मोनेटा आणि सायप्रिया अ‍ॅन्युलस. सायप्रिया हे नाव आलं सायप्रस बेटाच्या देवीवरून. अ‍ॅन्युलस म्हणजे अंगठी, कडं. आणि मोनेटा? रोममध्ये जूनो मोनेटा या देवीचं देऊळ होतं, तिथे नाणी पाडली जात. त्यावरून मोनेटा म्हणजे टांकसाळ, नाणं. इंग्रजीतला 'मनी' शब्द तिथूनच आला. म्हणजे लिनियसने या गोगलगाईचं नावच 'पैसा' ठेवलं. स्वीडनमध्ये बसून त्याला ठाऊक होतं की या प्राण्याचं जगातलं काम काय आहे.

पण नाव देऊन काम संपत नाही. उद्या कुणी विचारलं की लिनियसने नेमकं कशाला मोनेटा म्हटलं, तर? बँकेत खातं उघडताना नमुना सही घेतात आणि ते कार्ड जपून ठेवतात. प्राणिशास्त्रातही नमुना असतो. ज्या वस्तूवर नाव टेकलेलं असतं ती प्रत्यक्ष वस्तू. लिनियसचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १७८४ मध्ये, जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने विकत घेतला. आज तो लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. वाद झाला तर तिथलं कपाट उघडतात. नमुना सहीशिवाय खातं नाही, तसं नमुन्याशिवाय नाव नाही.

वाद झालेच. आणि त्याला कारण कवडीच. एक तर लहानपणी ती कवडीसारखी दिसतच नाही. पातळ कवच, रुंद तोंड, टोकाला वेटोळं. साध्या गोगलगाईसारखी. वयात आली की तोंडाची कडा आत वळते, फट अरुंद होते, फटीच्या दोन्ही काठांना दात येतात. त्यानंतर तिची लांबी वाढत नाही, कवच फक्त जाड होत जातं. दुसरं, पूर्ण वाढलेल्या कवड्यांतही एक अगदी चिमुकली तर दुसरी तिच्या दुप्पट. न्यू कॅलेडोनियाच्या समुद्रात काही कवड्यांची टोकं लांब चोचीसारखी निघतात आणि रंग काळा पडतो. संग्राहकांना नवीन नाव देण्याचा मोह आवरत नाही. त्यामुळे एकट्या पैशाच्या कवडीला डझनावारी नावं पडली. एकाच माणसाची वेगवेगळ्या शाखांतली खाती म्हणा ना! शास्त्राचा नियम असा की खातेदार एकच निघाला, तर जे नाव आधी रीतसर नोंदवलं तेच चालेल. बाकीची बंद. पण बंद नावं खोडत नाहीत बरं का. ती यादीत राहतात, म्हणजे जुनं पुस्तक उघडणाऱ्याला कळतं की हा तोच प्राणी.

मग नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको, म्हणून लोकांनी मोजायला सुरुवात केली. फ्रान्झ आणि मारिया शिल्डर हे नवरा-बायको विसाव्या शतकात कित्येक दशकं कवड्या मोजत बसले. त्यांनी प्रत्येक कवडीचं एक सूत्रच बनवलं. आधी लांबी. मग रुंदी, पण लांबीच्या टक्केवारीत. मग फटीच्या दोन काठांवरचे दात, आणि तेही कवडी पंचवीस मिलिमीटरची असती तर किती भरले असते असा हिशेब करून. म्हणजे लहान-मोठ्या कवड्यांची तुलना करता येईल. मला हे वाचून आपला बॅलन्स शीट आठवला. मोठ्या शाखेशी लहान शाखा ताडायची तर रुपये नाही, टक्के बघतात.

त्याच्याही आधी जर्मनीत बॉन इथे ट्रॉशेल नावाचे प्राध्यापक होऊन गेले. त्यांनी कवच बाजूला ठेवलं आणि गोगलगाईच्या तोंडात पाहिलं. आत एक फितीसारखी जीभ असते, कानशीसारखी. तिच्यावर दातांच्या आडव्या ओळी. कवड्यांच्या प्रत्येक ओळीत सात दात. (फटीच्या काठावरचे दात वेगळे, हे जिभेवरचे वेगळे.) या दातांची ठेवण पाहून ट्रॉशेलने गोगलगाईंचे गट पाडले आणि १८६३ मध्ये पैशाच्या कवडीला वेगळं आडनाव दिलं, मोनेटारिया. लगेच सगळ्यांनी मानलं असं नाही. पुढची शंभर वर्षं काही जण सगळ्या कवड्या सायप्रियातच ठेवत, काही जण वेगळ्या काढत. आज शास्त्रात ती मोनेटारिया मोनेटा आहे. आणि पुढे कंसात लिहितात, (लिनियस, १७५८). तो कंस महत्त्वाचा. कंस नसला तर नाव देणाऱ्याने ठेवलेल्या आडनावातच प्राणी अजून आहे. कंस असला तर मूळ नाव त्याचं, पण प्राणी दुसऱ्या आडनावात गेला आहे. एका कंसात बदलीची अख्खी ऑर्डर! आमच्या बदल्यांना चार पानं लागायची.

गेल्या पंचवीस वर्षांत डीएनए आला. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर मायर यांनी कवड्यांच्या कुळाचा डीएनए तपासला. २००५ मध्ये त्यांनी आणि गुस्ताव्ह पॉले यांनी दोन हजारांहून जास्त कवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या अभ्यासकांनी डोळ्यांनी आणि पट्टीने जे सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं बरोबर निघालं. काही बदललं. उदाहरणार्थ, सर्पशीर्ष कवडी. तपकिरी, घुमटासारखी, लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून राहणारी. पैशाच्या कवडीशी तिचं रूप अजिबात जुळत नाही, म्हणून अनेक जण तिला वेगळ्या गटात ठेवत. आज ती मोनेटारियातच आहे, सख्ख्या नात्यात. त्या अभ्यासाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. ज्या कुळातले सगळे सभासद आधी नीट ओळखलेले आहेत, तिथे डीएनएवरून ओळख पटवताना चूक फार कमी होते, शंभरात चारच्या आसपास. पण ज्या कुळाची यादीच अपुरी आहे, तिथे नुसत्या डीएनएवर विसंबता येत नाही. म्हणजे यंत्र आलं म्हणून लेजर नको असं नाही. लेजर चांगलं असेल तरच यंत्र उपयोगी.

आता तुमच्या मनातला प्रश्न. हे सगळं कशाला? दोन गोगलगाई वेगळ्या की एक, कुणाचं काय अडलं आहे?

अडलं होतं मंडळी. माणसांचा जीव अडकला होता.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण परिसराशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. सुरुवातीलाच चलनाचं कोष्टक आहे. वीस वराटक म्हणजे कवड्या, त्यांची एक काकिणी. चार काकिणींचा एक पण. सोळा पणांचा एक द्रम्म. गुणाकार करा, १,२८० कवड्यांचा एक द्रम्म. आता सहाशे वर्षं पुढे या, बंगालच्या पूर्वेला सिल्हेटला. तिथे कंपनी सरकारचा सारा कवड्यांत भरला जाई. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण. करा गुणाकार. पुन्हा १,२८०! आणि चार काहणांचा रुपया, म्हणजे एका रुपयाला ५,१२० कवड्या. राज्यं बदलली, भाषा बदलली, कोष्टकाचा पाया तोच राहिला.

या कवड्या येत मालदीवहून. १३४३-४४ मध्ये इब्न बतूता तिथे काझी होता. त्याने लिहून ठेवलंय की लोक समुद्रातून कवड्या गोळा करतात, खड्ड्यात पुरतात, मांस कुजून गेलं की उरलेलं कवच म्हणजे नाणं. त्या बंगालला पाठवून बदल्यात तांदूळ आणतात. चार लाख कवड्यांना एक सोन्याचा दिनार, आणि भाव पडला तर बारा लाखांना एक. विनिमय दराची चढउतार तेव्हाही होतीच.

हे चलन इतकं टिकलं कशामुळे? खोटी कवडी पाडता येत नाही. टांकसाळ समुद्राची. वजन, आकार जवळजवळ सारखा, झिजत नाही, किडत नाही, मोजायला सोपी. सामान्य माणसाच्या हाताला खात्री होती की ही कवडी ती कवडीच.

पण सरकारने एक दिवस म्हटलं, आम्हाला ही चालणार नाही. ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने साऱ्यासाठी चांदीचे रुपये मागायला सुरुवात केली. शेतकऱ्यांच्या घरात कवड्या. चांदी आणायची कुठून? १८१७ च्या पाइकांच्या बंडाची जी कारणं इतिहासकार देतात, त्यात हे एक आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमधल्या रांगा आपण पाहिल्यात, काही जण त्यात उभेही होतो. त्या लोकांच्या घरातलं चलन बदलून देणारी खिडकी कुठे होती, याचा विचार करून बघा.

आफ्रिकेची कथा याहून काळी आहे. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या अब्जावधी कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या. तिथेही त्या चलन होत्या. आणि त्या मोजून माणसं विकत घेतली, गुलाम म्हणून. आपल्या समुद्रातल्या या निरुपद्रवी प्राण्याच्या नावावर हाही हिशेब आहे. तो वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस उघडलं नाही.

गुलामांचा व्यापार बंद होत गेला, पण कवडीचं चलन राहिलं. पामतेलाची खरेदी कवड्यांत होऊ लागली. मग १८४५ च्या सुमारास हँबुर्गच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की मालदीवची कवडी महाग पडते, पण झांजीबारच्या किनाऱ्यावर तिची बहीण ढिगांनी आणि स्वस्तात मिळते. कोणती बहीण? तीच, मघाच्या ताटातली कड्याची कवडी. आकाराने मोठी, वजनाला जड, पण कवडीच. जहाजं भरभरून ती पश्चिम आफ्रिकेत ओतली. सगळ्यांनी सारख्याच मनाने ती घेतली असं नाही, पण पूर इतका मोठा होता की कवडीचा भाव कोसळत गेला. ज्यांनी आयुष्यभर घरात कवड्या साठवल्या, त्यांची बचत कवडीमोल झाली. शब्दशः.

लिनियसने १७५८ मध्ये दोन वेगळ्या ओळींत लिहिलेल्या दोन कवड्या. एकीच्या जागी दुसरी खपवली गेली आणि लोकांची पुंजी गेली. म्हणून मी म्हणतो की वर्गीकरण म्हणजे कपाटात चिठ्ठ्या लावण्याचा रिकामटेकडा उद्योग नव्हे. हे काय आहे आणि ते काय नाही, हे नीट सांगता येणं ही हिशेबाची पहिली पायरी आहे. व्यवहार पैशाचा असो, औषधाचा असो की जमिनीचा, ती पायरी चुकवली की नुकसान नेहमी त्याचंच होतं ज्याच्या हातात फक्त सुटे पैसे असतात.

घानाच्या चलनाचं नाव आजही सेडी आहे, तिथल्या अकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून. आपण मात्र चलन सोडलं आणि शब्द ठेवले. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक, कवडीकवडी जोडणे. शेवटचा वाक्प्रचार तेवढा चांगल्या अर्थाने राहिला आहे. आपली ही इमारतही तशीच उभी राहिली, हप्त्या-हप्त्याने.

शेवटी मुलांना दोन गोष्टी. सुट्टीत लक्षद्वीपला, अंदमानला, कुठल्याही किनाऱ्यावर गेलात तर दगड उलटून बघा, पण बघून झालं की होता तसाच पालथा घाला. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. आणि जिवंत कवडी उचलू नका, तिला तिच्या जागी राहू द्या. वहीत मात्र लिहा, तारीख, जागा, पाणी किती होतं, कवडी कशी दिसली. नाव येत नसेल तर जागा मोकळी सोडा, पण अंदाजाने भरू नका. नाव नंतर लिहिता येतं. तारीख आणि जागा नंतर आठवत नाही.

आणि मोठ्यांना एकच. ताटातल्या कवड्या जाताना मोजून परत द्या. चाळीस आहेत.